नाच बसला, पण परीक्षा? मॉडर्न जॅझच्या पहिल्या ग्रेडआधी या चुका टाळा

मुंबईत मॉडर्न जॅझची पहिली परीक्षा देणारं मूल बहुधा आधी कुठेतरी नाचलेलं असतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीत सोसायटीच्या स्टेजवर, नाहीतर काही वर्षं कथकच्या क्लासला जाऊन. मग घरी तयारी म्हणजे काय, तर शेवटचा नाच पुन्हा पुन्हा लावायचा. सगळ्यात मोठी चूक हीच. बहुतेक अभ्यासक्रमांत परीक्षक आधी वॉर्म-अप, आयसोलेशन (शरीराचा एकच भाग सुटा हलवणं), किक, वळणं, उड्या असे सुटे व्यायाम बघतात. नाच शेवटी येतो, आणि तोवर तुमचा अंदाज त्यांना आलेला असतो.

कथकवाल्यांची पंचाईत तालात होते. चक्कर सफाईदार असते, पण कान समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे लागलेला. जॅझमध्ये चार मात्रांपैकी जोर २ आणि ४ वर पडतो. दर वेळी १ वर दणका दिला की स्टेप बरोबर असूनही नाच जड दिसतो. यावर पाय हलवण्याआधीचा उपाय आहे: गाणं लावून बसा, आठ-आठ मात्रा मोजा आणि २-४-६-८ वर टाळी द्या. ते अंगवळणी पडलं की स्विंगचा ठेका ऐका. त्यात मात्रेचे दोन भाग सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड. म्हणजे ‘एक आणि दोन’ मधला ‘आणि’ जरा उशिरा येतो. किक-बॉल-चेंज (१ वर किक, ‘आणि’वर मागचा चवडा, २ वर वजन पुढच्या पायावर) फसतं ते इथेच. ‘आणि’वर मागचा पाय फक्त चवड्यावर टेकायचा असतो, टाच खाली गेली की वजन अडकतं आणि २ हुकतो. आधी तोंडाने मोजा, मग पायाने करा. पढंत करणाऱ्यांना, म्हणजे नाचाचे बोल आधी तोंडाने म्हणणाऱ्यांना हे सांगायला नकोच.

पाय समांतर ठेवायचे म्हटलं की भरतनाट्यमच्या अरमंडीची (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं) सवय असलेली पावलं आपोआप बाहेर वळतात. घरातल्या लाद्यांची सांध कामाला लावा: दोन्ही पावलं सांधेला समांतर, गुडघे वाकवले की ते दुसऱ्या बोटाच्या रेषेत. पिरुएटमध्येही (एका पायावरची गिरकी) उचललेला गुडघा पुढेच हवा, आणि फिरायचं चवड्यावर. कथकची टाचेवरची चक्कर इथे चालत नाही. नजर एका जागी रोखून मान शेवटी फिरवायची युक्ती मात्र तीच, ती खुशाल वापरा.

आयसोलेशनमध्ये छाती सरकवताना कंबरही सोबत निघते. खुर्चीच्या कडेला बसून करा, कंबर आपोआप जागेवर राहते. मान सरकवायची झाली तर भरतनाट्यमचा सुंदरी ग्रीवाभेद (मान डावी-उजवीकडे सरकवणं) येणाऱ्यांना घरचंच काम वाटेल. अमेरिकेतल्या थिएटर जॅझचा जनक मानला जाणारा जॅक कोल (१९११-१९७४) भरतनाट्यम शिकून त्याच्या हालचाली स्विंग संगीतावर बसवत असे, तेव्हा हे नातं जुनंच आहे.

उड्या मात्र घरच्या लादीवर नकोत. खाली सिमेंट असतं, नडगी दुखायला लागते, शिवाय खालच्या मजल्यावरचे वर येतात ते वेगळंच. लाकडी फ्लोअरचा हॉल मिळेल तेव्हाच उड्या घ्या. मोजे घालून गुळगुळीत लादीवर वळणंही नकोत.

क्लासमध्ये आरशाकडे पाहून, पुढच्या ओळीतल्या मुलीच्या पाठोपाठ नाचणं ही सवयही परीक्षेत नडते. तिथे पुढे कुणी नसतं. निदान शेवटचे दोन आठवडे आरशाकडे पाठ करून, आपली जागा बदलून करा. स्टेप विसरलात तर थांबून ‘सॉरी’ म्हणू नका, पुढच्या आठ मात्रा सुरू होतील तिथे पकडा. आणि पूर्ण वेळ फिल्मी हसू तर नकोच. आयसोलेशन करताना ते विचित्र दिसतं.

नवे जॅझ शूज परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, आठवडाभर आधीपासून वापरा. पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते, म्हणून पिशवीत कोंबून ठेवू नका. लोकलमधून घामाघूम उतरून एसी स्टुडिओत गेलं की अंग लगेच आखडतं. तेव्हा अर्धा तास आधी पोचा, कोरडा टॉवेल आणि वरून घालायला जॅकेट जवळ ठेवा. केस घट्ट बांधून घरूनच निघा. स्टेशनच्या आरशात अंबाडा बसत नाही.