सब्लिमेशनची इंक, खान्देशचा उन्हाळा आणि बोर्डावरचं बटण

सब्लिमेशनचा, म्हणजे आधी कागदावर छापून मग हीट प्रेसखाली टी-शर्ट-कपावर रंग उतरवायचा, प्रिंटर भिंतीच्या बोर्डावरच्या बटणावरून बंद करायचा नाही. त्याच्या स्वतःच्या पॉवर बटणावरूनच करायचा, इंक उडवणारं हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन बसेपर्यंत थांबायचं, दिवा विझल्यावरच बोर्डाला हात लावायचा. एवढं पाळलंत तर खालचं निम्मं तुम्हाला बहुधा लागणार नाही.

कारण जरा लांबण लावूनच सांगते, कारण माझ्या पाहण्यातली बहुतेक हेड याच पायी गेली. एप्सनचं हेड काम नसताना उजवीकडे एका रबरी कॅपवर बसतं. कॅप नोझलना, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांना, खालून घट्ट झाकते, म्हणून तोंडाशी इंक ओली राहते. छपाई चालू असताना लाइट गेली किंवा कुणी मेन स्विच पाडला, की हेड जिथं असेल तिथं उघडं पडतं. दमट हवेत एखादी रात्र निभावूनही जाईल. आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, हवा कोरडीठाक, त्यात दुकानावर पत्रा. एप्सनच्या टँक प्रिंटरची कामाची मर्यादाच १० ते ३५ अंश सेल्सिअस दिलेली असते. म्हणजे आपला अख्खा उन्हाळा त्या मर्यादेबाहेर. शिवाय सब्लिमेशन इंकमध्ये रंग पाण्यात विरघळलेला नसतो, डिस्पर्स डायचे अतिबारीक कण तरंगत ठेवलेले असतात. पाणी उडालं की ते कण नोझलच्या तोंडावर धरून बसतात.

मी यातच अडकले होते. दुकान बंद करताना सगळी बटणं पाडायची हा सासऱ्यांचा दंडक, आणि तो काही वेडेपणा नव्हता. उन्हाळ्यात बाजारपेठेत शॉर्टसर्किटची भीती खरीच असते. फक्त हेडला आधी त्याच्या कॅपवर पोचवायचं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. प्रिंटर विकणाऱ्यानं नाही आणि क्लासवाल्यानंही नाही.

लाइटचं काय, ती तर सांगून जात नाही! म्हणून छोटा यूपीएस घ्या. टँक प्रिंटरला वीज फार थोडी लागते, कॉम्प्युटरसोबत तोही चालतो. कपड्यांची हीट प्रेस आणि मग (कप) छापायची प्रेस मात्र चुकूनही त्यावर लावू नका. यूपीएस नसेल आणि लाइट लवकर यायची चिन्हं नसतील, तर प्लग काढा, झाकण उघडा आणि हेड हलक्या हातानं उजवीकडे कॅपपर्यंत सरकवा. अडलं तर सोडून द्या. जोर लावायचा नाही.

आता ‘ताई, लालच येत नाही, आता काय करू?’ या मला नेहमी येणाऱ्या प्रश्नाकडे वळू. पहिलं काम नोझल चेक, म्हणजे प्रत्येक रंगाच्या रेघांचं चाचणीचं पान काढणं. लगेच दुसरा नोझल चेक. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. तुटलेल्या रेघा दोन्हीवर त्याच जागी असतील तर नोझल चोंदलंय. जागा बदलत असतील, किंवा क्लिनिंगनंतर आधी धड असलेल्या रेघाही गायब होत असतील, तर ते चोंदणं नाही. हवा शिरलीय किंवा इंक पुरेशी पोचत नाहीये. उसाच्या रसाचा ग्लास संपत आला की नळी गुरगुरते, तसं हेडचं चाललेलं असतं. या दोन दुखण्यांची औषधं उलटी आहेत, आणि नवीन माणूस दोन्हीवर एकच उपाय करतो: क्लिनिंग, परत क्लिनिंग, परत क्लिनिंग.

तसं करू नका. क्लिनिंग म्हणजे पंपानं कॅपमधून इंक ओढून वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया इंक शोषणाऱ्या गादीत, ओतणं. टँकमध्ये इंक कमी असेल किंवा कुठं सांधा ढिला असेल तर पंप इंकबरोबर हवाही ओढतो. कॅप इंकनं भरून वाहायला लागली तर एका रंगाची इंक दुसऱ्याच्या नोझलला लागते, आणि पिवळ्याच्या जागी हिरवट उमटायला लागतं. लोक म्हणतात इंक खराब निघाली. इंक बिचारी ठीक असते. एप्सनच्या अलीकडच्या एल-मालिकेच्या (टँक प्रिंटरच्या) माहितीपुस्तकातच लिहिलंय की नोझल चेक आणि क्लिनिंग तीनदा करून फरक नाही पडला तर किमान १२ तास प्रिंटरला हात लावू नका. त्या बारा तासांत हवेचे बुडबुडे वर सरकतात आणि सुकलेली इंक थोडी मऊ पडते. वाट बघणं हा इथं खराखुरा उपाय आहे. ऑर्डर डोक्यावर असताना ते जमत नाही, ठाऊक आहे मला. तरी करा.

हवा शिरली असेल तर आधी फुकटातल्या गोष्टी तपासा. टँकमधली इंक खालच्या रेघेच्या वर आहे ना? जुन्या एल-मालिकेच्या प्रिंटरला बाजूला ट्रान्सपोर्ट लॉक (ने-आण करताना इंक अडवणारी खुंटी) असतो, तो छपाईच्या बाजूला फिरवलाय ना? नळ्यांमध्ये मोकळी जागा दिसतेय का? डॅम्परची (नळी आणि हेडमधल्या इंकच्या छोट्या डबीची) पाळी यानंतर येते.

पिवळ्या रेघा पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत ही तक्रार सगळ्यांचीच. मोबाइलचा स्क्रीन पूर्ण निळा करून अंधारात कागदाजवळ धरा, पिवळं काळसर दिसतं.

चोंदलंच असेल तर धागे न सुटणारा कपडा हेड क्लिनिंग लिक्विडनं ओला करून घडी करायची, हेडखाली ठेवायची आणि रात्रभर हेड त्यावर बसू द्यायचं. गरम पाणी ओतणारे, सिरिंजनं दाब देणारे व्हिडिओ भरपूर आहेत. ते बघून हसायचं आणि बंद करायचे. दाबानं हेडचे आतले थर सुटतात, आणि पाणी वर केबलपर्यंत गेलं तर मदरबोर्डही जातो. हेड बदलायच्या खर्चात कधी कधी जुना प्रिंटर येतो.

आता माझं एक मत, पटलं तर घ्या. धंद्यात गुरू असावा, पण इंक विकणारा गुरू नसावा. मला जो भेटला तो प्रत्येक दुखण्यावर ‘पूर्ण फ्लश करा, आपली बाटली भरा’ एवढंच सांगायचा. एका कंपनीची इंक दुसरीत मिसळली की कण तरंगत ठेवणारी रसायनं जुळत नाहीत, गाठी होऊ शकतात. त्यामुळे दर तक्रारीला ब्रँड बदलणारा माणूस नवीन दुखणं विकत घेतो. एक इंक धरा, तिच्याच प्रोफाइलवर (रंग जुळवणाऱ्या फाइलवर) टिका, बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, टँकमध्ये ओतण्याआधी बाटली हळूच वरखाली करा. सावलीत ठेवा. पत्र्याखालच्या फळीवर नाही.

रिसेटरबद्दलही बोलून टाकते. वेस्ट पॅड भरल्याची खूण म्हणून दोन्ही लाल दिवे लुकलुकले की दुरुस्तीवाला रिसेटर (पॅडची मोजणी पुसणारं सॉफ्टवेअर) चालवतो आणि पैसे घेऊन जातो. त्यानं फक्त आकडा शून्य होतो, पॅड ओलाच्या ओला. पॅड बदलून घ्या, नाहीतर नळी काढून बाहेर बाटलीत सोडा. नाहीतर एक दिवस काउंटरवर काळं पाणी.

घाबरून जाऊ नका मात्र. नवीन माणसाला इंकची वाटणारी बरीच दुखणी इंकची नसतातच. कागदावर रंग फिके, मळकट दिसतात ना? तसेच दिसायला हवेत. ते प्रेसखाली खुलतात. काळा तपकिरी येत असेल तर आधी प्रोफाइल बघा, नंतर प्रेसची वेळ. टी-शर्टला साधारण १९५ ते २०० अंशांवर ४५ ते ६० सेकंद लागतात. जास्त भाजलं की काळा तपकिरीकडे सरकतो, कमी भाजलं की सगळंच विटकं. गावाकडे व्होल्टेज पडतं तेव्हा प्रेसच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, तापमानाच्या पट्टीनं किंवा गननं पारा मोजा. पावसाळ्यात कागद ओल धरतो, डाग फुटतात. कपडा आधी काही सेकंद कोरडा दाबून घ्या आणि कागद पिशवीत बंद ठेवा. बारीक आडव्या पट्ट्या येत असतील आणि नोझल चेक स्वच्छ असेल, तर ड्रायव्हरमध्ये हायस्पीड बंद करा, क्वालिटी वाढवा. बाकी काही लागत नाही.

आणि गिऱ्हाईक घरचा सुती टी-शर्ट घेऊन येईल. कापसाचा मुलूख आहे आपला, आणणारच. सुती कपड्यावर हा रंग धरत नाही, पहिल्या धुण्यात उतरतो आणि शिव्या इंकला पडतात. पॉलिएस्टरच सांगा. सुरत जवळ आहे, नंदुरबारवरून गाडी जाते, माल स्वस्तात मिळतो.

आपलं दुर्दैव असं की काम नेमकं उन्हातच येतं. १४ एप्रिलच्या जयंतीचे टी-शर्ट, पाठोपाठ अखाजी (अक्षय्य तृतीया), लगीनसराईचे मग. काम चालू असतं तेव्हा प्रिंटर सहसा रुसत नाही, रुसतो तो चार दिवस बसून राहिल्यावर. कुलरची हवा थेट त्याच्यावर सोडू नका, वर एक कापड टाकत जा. अखाजीला मी माहेरी जाते तेव्हा दुकानाची चावी शेजारच्या झेरॉक्सवाल्या पोराकडे असते. दिवसाआड प्रिंटर चालू करायचा, सगळ्या रंगांच्या जाड पट्ट्यांचं एक पान काढायचं, पॉवर बटणावरून बंद करायचा, एवढंच त्याचं काम. पानाचा फोटो मला पाठवतो. फोटोत एखादी पट्टी फाटकी दिसली तर क्लिनिंग एकदाच करायला सांगते, बाकी परत आल्यावर बघते.