डोळा लाल झालाय? काढा डोळ्यात घालण्याआधी हे करा

आधी चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहा. एकेक डोळा झाकून काहीतरी वाचून बघा. नजर अंधूक झाली असेल, डोळा ठणकत असेल, उजेड सोसत नसेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर लेन्स लगेच काढा आणि नुसती लाली असली तरी दाखवून या.

यातलं काही नसेल तर शेक घ्या. पापण्यांच्या कडा सुजल्या असतील किंवा रांजणवाडी असेल, तर स्वच्छ कापड गरम पाण्यातून पिळून घ्या. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून चटका बसत नाही ना ते बघा, मग मिटलेल्या डोळ्यावर 5 ते 10 मिनिटं ठेवा. पापणीतल्या ग्रंथींमध्ये घट्ट झालेलं तेल उबेने पातळ होतं. खाज जास्त असेल तर गार घडी बरी.

आता वनौषधी. त्रिफळ्याचा काढा चार पदरी कापडातून गाळा आणि पेला उजेडासमोर धरा. बारीक कण तरंगताना दिसतील. सुजलेल्या डोळ्यात तेच कण टोचतात. शिवाय उकळल्याने जंतू मेले, तरी निवताना आणि गाळताना नवे शिरतातच. म्हणून माझं ठाम मत आहे: घरी केलेलं काहीही डोळ्यात घालू नका, मधही नाही.

पुरावा म्हणाल तर हळदीतल्या कर्क्युमिनवर 1999 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डोळ्याच्या आतल्या जुनाट दाहाच्या 32 रुग्णांनी ते 12 आठवडे पोटात घेतलं आणि बहुतेकांना उतार पडला. पण तुलनेला औषधाविना ठेवलेला गट नव्हता, आणि हळद डोळ्यात कुणीच घातली नव्हती. युफ्रेशिया या परदेशी वनौषधीच्या थेंबांवरच्या एका अभ्यासातही तुलनेचा गट नव्हता. विषाणूंमुळे आलेले डोळे बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात, त्यामुळे गुण औषधाचा की दिवसांचा हे अशा अभ्यासातून कळत नाही. कॅमोमाइल या शेवंतीच्या जातीच्या फुलांच्या पाण्याने डोळे धुतल्यावर तर परागांची अॅलर्जी असलेल्या काहींचे डोळे उलट सुजले.

चिपडं पुसताना दर वेळी नवा ओला कापूस घ्या, टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवा, हात साबणाने धुवा. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर दाखवा, आणि आधी काही घातलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.