कर्ज फिटलं, तरी बाँड संपेना: अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांच्या सेवाबंधनात या चुका टाळा

“पैसे भरून मोकळं होता येतं ना पण?” भाचीच्या कागदांचा विषय निघाला तेव्हा माझ्या बहिणीचा पहिला प्रश्न हा होता. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या मुलांना वर्षभराच्या सेवेचा बाँड असायचा आणि दहा लाख भरून त्यातून सुटण्याची वाटही असायची. आपल्याकडे बाँड म्हटलं की डोक्यात आकडा येतो, तारीख येत नाही.

भाची अमेरिकेच्या आर्मीत दंतवैद्य आहे. डेंटल स्कूलचं कर्ज डोंगराएवढं होतं आणि त्यातला काही भाग आर्मीने फेडला. बदल्यात ठरावीक वर्षं सक्रिय सेवा करायची. याला ‘ॲक्टिव्ह ड्यूटी सर्व्हिस ऑब्लिगेशन’ म्हणतात, आर्मीतले लोक नुसतं ‘एडीएसओ’ म्हणतात, एअर फोर्सवाले ‘एडीएससी’. मी इथे सेवाबंधन म्हणतो. एके दिवशी तिच्या लक्षात आलं की संगणकावरची सुटकेची तारीख तिच्या हिशेबापेक्षा एक वर्ष पुढे आहे. “मामा, एक वर्ष कुठून आलं?” तिथून आमची शोधाशोध सुरू झाली. अमेरिकेतल्या मराठी घरांतली बरीच मुलं आता डॉक्टर, दंतवैद्य म्हणून सैन्यात जातात, म्हणून हे लिहितोय.

आधी बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, पैसे भरून सुटता येत नाही. सेवा पुरी न करता अधिकारी बाहेर पडला, तर सरकार पैसे परत मागू शकतं हे खरं. पण तो अधिकार सरकारचा आहे, अधिकाऱ्याचा पर्याय नव्हे. “हे घ्या तुमचे डॉलर, मी चाललो” असं म्हणण्याची सोय नाही. राजीनामा मंजूर करायचा की नाही हे खातं ठरवतं, आणि नोंदीत बंधन उरलेलं दिसत असेल तर तो मंजूर होण्याची आशा फारशी धरू नये. म्हणून आधी तारीख दुरुस्त करून घ्यायची, राजीनाम्याचं मग बघायचं.

वर्षं मोजण्यातली गफलत

वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कर्जफेडीचा मूळ कायदा म्हणजे अमेरिकी संहितेच्या १० व्या शीर्षकाचं कलम २१७३. त्यातलं एक वाक्य प्रत्येकाने सही करण्याआधी दोनदा वाचावं. वर्षाला जी कमाल रक्कम ठरलेली असते, त्या प्रत्येक रकमेमागे किंवा तिच्या अंशामागे किमान एक वर्षाची सेवा लागते. सगळी मेख त्या ‘अंशामागे’ या शब्दात आहे. समजा दोन वर्षांत बहुतेक कर्ज फिटलं आणि तिसऱ्या वर्षी तीन हजार डॉलर उरले. तेही सरकारने भरले, तर त्या तीन हजारांसाठी अख्खं वर्ष द्यावं लागू शकतं. एवढी किरकोळ बाकी आपल्या खिशातून भरून टाकणं कधीही परवडतं. त्यात हे पैसे करपात्र असतात, म्हणजे सावकाराकडे पोचते ती रक्कम कर कापून. वर्ष मात्र कापून मिळत नाही.

दुसरी गफलत याहून मोठी. बंधनं एकावर एक चढतात की एकमेकांच्या सोबत चालतात, हे न पाहता लोक बेरीज करतात, किंवा बेरीज करायची असते तिथे करत नाहीत. उदाहरण घेऊ. एक दंतवैद्य ऑगस्ट २०१९ मध्ये सेवेत आला. येताना भरतीचा बोनस घेतला, त्याचं बंधन चार वर्षं. कर्जफेडीचं तीन वर्षं. दोन्ही सोबत चालली तर तो ऑगस्ट २०२३ मध्ये मोकळा. एकामागून एक चालली तर ऑगस्ट २०२६. त्याच माणसाच्या त्याच दोन करारांत तीन वर्षांचा फरक!

यातलं खरं काय, हे बऱ्याचदा एका तारखेवर ठरतं: कर्जफेडीच्या करारावर सही केली त्या दिवशी अधिकारी सक्रिय सेवेत होता की नव्हता? आधीच सेवेत असलेल्याने सही केली असेल, तर हे बंधन इतर बंधनांनंतरच भोगायचं असं कायदाच सांगतो. तिथे “मला तर एकत्र चालेल असं सांगितलं होतं” याचा उपयोग कमी, कारण कायद्याच्या विरुद्ध जायला कुणाचेच हात मोकळे नसतात. सही सेवेत येण्याआधीची असेल तर मात्र नियम आणि कराराची भाषा बघावी लागते, आणि दुरुस्तीला खरी जागा तिथे असते. आर्मीत यासाठी एआर ३५०-१०० हे नियमपुस्तक आहे, ते उघडून कराराशेजारी ठेवावं.

आणखी एक छोटीशी गोष्ट. प्रत्येक अधिकाऱ्याला सुरुवातीला एकूण आठ वर्षांचं लष्करी बंधन असतं, त्यातला उरलेला काळ राखीव दलात काढता येतो. नोंदीत ही तारीखही दिसते. ती एडीएसओची तारीख समजून घाबरलेले लोक मी पाहिलेत.

संगणकावरची ओळ म्हणजे करार नव्हे

भाचीने पहिल्यांदा मला पाठवला तो स्क्रीनचा फोटो. तिला म्हटलं, हा फोटो बाजूला ठेव, सहीचे कागद काढ. आर्मीत अधिकाऱ्याची कागदपत्रं आयपर्म्स नावाच्या प्रणालीत असतात. मूळ करार, त्याच्या पुरवण्या, नेमणुकीचे आदेश, सगळं तिथून उतरवून घ्यायचं. करारच तिथे नसेल तर ती आणखी वेगळी भानगड, मग भरतीच्या वेळची स्वतःजवळची प्रत शोधा. एअर फोर्समध्ये एएफ फॉर्म ६३ बघा, बंधन मान्य केल्याची सही त्यावर असते.

मग पैशांचे कागद. कर्जफेडीसाठी डीडी फॉर्म २४७५ दरवर्षी भरावा लागतो, त्याचा एक भाग अधिकारी भरतो आणि एक भाग कर्ज देणारी संस्था. भाचीच्या बाबतीत घोळ इथे सापडला. तिसऱ्या वर्षी तिची बदली झाली, फॉर्म कुठल्याशा टेबलावर अडकला आणि तिसरा हप्ता गेलाच नाही. तिच्या करारात जितक्या वर्षांची फेड तितक्या वर्षांची सेवा असं होतं, म्हणजे सेवाही दोनच वर्षांची. पण नोंद करणाऱ्याने करारातला ‘तीन’ हा आकडा बघून तीन वर्षं टाकून दिली होती.

हे सिद्ध कसं करायचं? पैसे मिळाले नाहीत हे नुसतं म्हणून भागत नाही. कर्ज संस्थेकडून सुरुवातीपासूनचा खातेउतारा मागवला, त्यात दोनच मोठ्या रकमा जमा दिसल्या. फेड करपात्र असल्यामुळे ती डब्ल्यू-२ या करपत्रकात येते, तिथेही दोनच वर्षं. न मिळालेल्या पैशांचा पुरावा करखात्याच्या कागदाने द्यावा, यात थोडी गंमत आहेच.

जाता जाता: आर्मी वर्षातून एकदा रक्कम भरते म्हणून महिन्याचे हप्ते थांबवू नका. कर्ज शेवटपर्यंत तुमच्याच नावावर असतं.

थेट मंडळाकडे धाव

इंटरनेटवर शोधलं की पहिल्यांदा डीडी फॉर्म १४९ समोर येतो. लष्करी नोंद दुरुस्ती मंडळाकडे करायचा हा अर्ज. भाचीनेही तो अर्धा भरून ठेवला होता. मी म्हटलं, थांब. खालच्या पातळीवरचे उपाय करून झाल्याशिवाय मंडळ सहसा हात लावत नाही, अर्ज तसाच परत येतो आणि मधले महिने वाया जातात. टंकलेखनाची चूक, चुकीची तारीख, न गेलेला हप्ता, या गोष्टी कर्मचारी विभाग स्वतः दुरुस्त करू शकतो. आर्मीचा हा विभाग केंटकीत फोर्ट नॉक्सला आहे, नेव्हीचा टेनेसीत मिलिंग्टनला, एअर फोर्सचा टेक्ससमध्ये सॅन अँटोनिओला. तिथे लेखी विचारायचं आणि लेखीच उत्तर घ्यायचं. फोनवर कुणी “नाही होणार” म्हणालं तर ते उत्तर नव्हे. नकार लेखी आला तर तोच कागद पुढे मंडळाला जोडता येतो. भाचीचं काम याच पायरीवर झालं, अर्धा भरलेला १४९ तसाच राहिला.

सगळ्यांचं असं होत नाही. जिथे करारच चुकीच्या शब्दांत लिहिला गेला, किंवा अधिकाऱ्याने चुकीच्या सल्ल्यावर सही केली, तिथे मंडळाशिवाय गत्यंतर नाही. १९४६ पर्यंत अशी दुरुस्ती हवी असेल तर संसदेत त्या एका माणसासाठी खासगी विधेयक मंजूर व्हावं लागे. खासदारांना त्याचा वैताग आला आणि त्या वर्षीच्या कायद्याने हे काम लष्करी खात्यांच्या नागरी मंडळांकडे गेलं. म्हणून या मंडळांवर आजही गणवेशातले नव्हे, तर नागरी अधिकारी बसतात.

कायद्यात मंडळाला दोनच कारणं दिली आहेत: चूक दुरुस्त करणं किंवा अन्याय दूर करणं. अर्जात नेमकं हेच मांडायचं असतं, आणि आपली माणसं नेमकी इथे पाल्हाळ लावतात. वरिष्ठ कसे वागले, घरी आईवडील कसे थकले, बायकोची नोकरी कुठे आहे, सगळं येतं आणि हवी असलेली तारीख येत नाही. “न्याय मिळावा” ही मागणी नव्हे. “अमुक तारखेच्या कराराप्रमाणे कर्जफेडीचं बंधन भरती बोनसच्या बंधनासोबत चालतं असं नोंदीत दाखवावं आणि एडीएसओची अखेर १५ ऑगस्ट २०२३ अशी करावी” ही मागणी. खाली करारातला परिच्छेद, त्याखाली पुरावा. सरकारी नोंद बरोबर आहे असं धरूनच मंडळ सुरुवात करतं, ते चुकीचं दाखवण्याचा भार अर्जदारावर असतो. भरती अधिकाऱ्याची त्या वेळची एक ईमेल पाच पानांच्या कैफियतीपेक्षा जड भरते.

मुदत चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची. न्यायाच्या दृष्टीने गरज वाटली तर मंडळ ती माफ करू शकतं. शिवाय सक्रिय सेवेतला काळ या मुदतीत धरायचा नाही असा निकाल वॉशिंग्टनच्या फेडरल अपील कोर्टाने १९९४ मध्ये दिलेला आहे. तरीही त्या भरवशावर बसू नये, कारण दरम्यान साक्ष देऊ शकणारी माणसं निवृत्त होतात आणि जुन्या ईमेल पुसल्या जातात.

अर्ज केल्यावर बहुतेकदा संबंधित कार्यालयाचं मत मागवलं जातं आणि त्याची प्रत अर्जदाराला येते. ती फाइलला लावून गप्प बसणं ही माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत महागडी चूक आहे. ते मत तुमच्या विरोधात असेल तर मुदतीत मुद्देसूद उत्तर द्या. उत्तर दिलं नाही, तर मंडळासमोर एकच बाजू उरते. निकालाला वेळ लागतो. कायद्याने बहुतेक प्रकरणांसाठी दहा महिने आणि कुठल्याही प्रकरणासाठी कमाल अठरा महिने अशी मर्यादा घातली आहे. नुसता अर्ज केल्याने बंधन थांबत नाही. बदलीचा आदेश आला तर जावं लागतं. नकार आलाच आणि नंतर नवा पुरावा हाती लागला, तर फेरविचार मागता येतो.

एक आपल्या लोकांसाठी. “काँग्रेसमनला पत्र टाकू का?” असं मेहुणे दोनदा म्हणाले. पत्राने फाइल कुठे आहे ते कळतं, कधी ती जरा हलतेही, पण निकाल बदलत नाही. आणि त्यासाठीही माहिती देण्याच्या संमतीवर खुद्द अधिकाऱ्याची सही लागते, वडिलांची चालत नाही. कर्मचारी विभागात आईवडिलांनी फोन करणं तर सोडूनच द्या.

तारीख बदलली की आणखी काय बदलतं

कर्जफेडीसाठी मोजलेला सेवाकाळ पोस्ट-९/११ जीआय बिलाच्या, म्हणजे सैन्यात सेवा केलेल्यांना शिक्षणाचा खर्च देणाऱ्या योजनेच्या लाभासाठी धरला जात नाही. म्हणजे नोंदीत कर्जफेडीचं एक वर्ष जादा असेल, तर सुटका लांबतेच, शिवाय जीआय बिलाच्या पात्रतेतूनही तेवढा काळ वजा होतो. उलट, तारीख दुरुस्त झाली की तो काळ पुन्हा मोजला जायला हवा, आणि हे आपोआप होईल असं समजू नका.

भाचीला दुरुस्तीचं पत्र आलं तेव्हा घरी पेढे वाटून झाले. दोन महिन्यांनी तिने सहज आयपर्म्स उघडलं. पत्र तिथे होतं, नोंदीतली तारीख मात्र जुनीच होती. पुन्हा एक ईमेल, पत्राची प्रत जोडून, आणि त्यानंतर आठवड्याने तारीख बदलली. आता ती जीआय बिलाच्या पात्रतेचं पत्र नव्याने मागवते आहे.