ब्रह्मपुत्रेच्या चरांवर क्षेत्रकार्य कसं करावं

आसामात नदीतल्या वाळू-गाळाच्या बेटांना चर किंवा चापोरी म्हणतात. प्रवाह चर एका बाजूने कापतो आणि गाळ दुसरीकडे नेऊन टाकतो, म्हणून गाव एका जागी टिकत नाही. इथल्या अभ्यासाचा गाभा एकच प्रश्न आहे: हे घर आजवर किती वेळा हललं?

पहिला मुक्काम नोव्हेंबर ते मार्च ठेवा. पाणी उतरलेलं असतं, पिकं उभी असतात. पण तेवढ्यावर परतलात तर निम्मं जगणं सुटतं. दुसरी फेरी जून ते सप्टेंबरमध्ये, काठावरच्या पूर अडवणाऱ्या बांधावर करा. पूर चढला की अनेक कुटुंबं तिथेच आसरा घेतात.

आधी गावबुढ्याला, म्हणजे गावप्रमुखाला भेटा. पहिले आठ-दहा दिवस हातात फॉर्म नको. खालच्या (पश्चिम) आसामातल्या चरांवर बंगाली मूळ असलेल्या मुस्लिमांची मोठी वस्ती आहे. ३१ ऑगस्ट २०१९ च्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीच्या (एनआरसी, भारतीय नागरिकांची यादी) अंतिम यादीतून सुमारे १९ लाख लोक वगळले गेले. अशा ठिकाणी अनोळखी माणसाने ‘तुम्ही कुठून, कधी आलात?’ विचारलं की माणसं घाबरतात, आणि घाबरलेला माणूस सुरक्षित उत्तर देतो. संमती तोंडी घ्या, सही-अंगठा मागू नका, कागदपत्रांचे फोटो तर मुळीच काढू नका.

मग प्रत्येक घरासाठी एक पान. रकाने चार: चराचं नाव, कोणत्या पुरानंतर हलले, कोणासोबत हलले, घराचं काय सोबत नेलं. चौथा रकाना गाळू नका. पत्रे आणि बांबू सोडवून नावेत घालून नेले, की सगळं वाहून गेलं, यावरून त्या कुटुंबाला किती वेळ मिळाला आणि हाताशी किती माणसं होती ते कळतं. साल आठवत नसेल तर १५ ऑगस्ट १९५० चा भूकंप, १९८८, १९९८, २००४ आणि २०१२ चे पूर यांच्या आधी की नंतर, असं विचारा. सगळ्यात मोठी चूक नावांत होते: लोक हलताना जुन्या जागेचं नावही नव्या जागी नेतात. नावापुढे काळ आणि जीपीएसची नोंद हवीच.

काठाची धूप मोजायला खुंट्या ठोकू नका. जमीन मोजणी आली असं वाटतं. घरधन्याला विचारून घराच्या कोपऱ्यापासून नदीच्या कड्यापर्यंत टेप लावा, तारीख लिहा, दर आठवड्याला तेच करा. कड्यापासून दोन-तीन मीटर आत थांबा, खालून पोखरलेली वाळू अचानक ढासळते.

माजुली या ब्रह्मपुत्रेतल्या मोठ्या बेटावर मिसिंग जमातीच्या लोकांची चांगघरं खांबांवर उभी असतात. ‘पूर किती आला?’ याला ‘खूप’ एवढंच उत्तर मिळतं. शिडीच्या कितव्या पायरीला पाणी लागलं ते विचारा आणि ती उंची मोजा. बायकांशी बोलायला घराखालचा हातमाग ही उत्तम जागा, सोबत स्त्री सहकारी असावी. दुभाषा एकाच वजनदार घराण्यातला घेतलात तर बाकीची दारं बंद होतात.

वह्या झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा. खऱ्या नावांची यादी वेगळी, कुलूपबंद. हिवाळी धुक्यात भुटभुटी (इंजिनाची नाव) तासन्‌तास अडकते, म्हणून शेवटच्या फेरीवर विसंबू नका. निघताना प्रत्येक कुटुंबाच्या काठावरच्या एखाद्या नातेवाइकाचा फोन नंबर परवानगीने घ्या. पुढच्या वर्षी जीपीएस दाखवेल तिथे कदाचित नुसतं पाणी असेल.