राज्यांच्या खुणा कशा वाचायच्या

नातीला मी आधी भुईकोट किल्ल्यात नेते. तुम्हीही सकाळीच जा. सोलापूरचं ऊन थांबत नाही. कोट बहमनी काळातला, आत जुन्या मंदिराचे अवशेष. तिथे रेंगाळा. हाच किल्ला अहमदनगरच्या निजामशाहीची राजकन्या चांदबीबी हिच्या लग्नात आंदण म्हणून विजापूरला गेला. पुढे मोगल, मराठे, १८१८ मध्ये इंग्रज.

घरी आल्यावर जुनं खरेदीखत काढा. जमीन, हद्द, वारस, रक्कम, तारीख: त्या राज्यांच्या कारभाराच्या भाषेतून, फारसीतून आलेल्या शब्दांखाली रेघ ओढा. आमच्या खतात पहिल्याच पानावर अकरा निघाले. नात थक्क झाली.

संध्याकाळी चार हुतात्मा पुतळ्यांपाशी थांबा. १२ जानेवारी १९३१ रोजी इंग्रजांनी फासावर चढवलेल्यांची नावं मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा.