इंडियानात नवीन आलात? पत्ता आधी काउंटीने वाचा

पुण्याहून कोलंबसला येणाऱ्यांना आम्ही इथले जुने लोक सगळ्यात आधी तिकिटाबद्दल बजावतो. विमानाच्या साइटवर ‘कोलंबस’ टाकलं की जो विमानतळ समोर येतो तो ओहायोचा. आपलं कोलंबस इंडियानात आहे. आपण उतरायचं इंडियानापोलिसला आणि तिथून आय-६५ हायवेने दक्षिणेला साधारण तासाभराचा रस्ता धरायचा. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीमुळे या गावाचं पुण्याशी जुनं नातं आहे. कंपनीचं मुख्यालय इथे, १९६२ पासून कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स आणि १९९१ पासून कर्वेनगरला कमिन्सचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज. त्यामुळे दरवर्षी नवे चेहरे येतात, आणि आल्याबरोबर घर शोधायला लागतात. घराचं ॲग्रीमेंट करण्याआधी हे वाचून ठेवा.

इथल्या पत्त्यात घर क्रमांक, रस्ता, गाव, राज्य आणि झिप कोड असतो. काउंटी, म्हणजे राज्याचा प्रशासकीय विभाग, मात्र नसते. आणि नेमकी तीच सगळीकडे लागते. इंडियानात ९२ काउंट्या आहेत. आकाराने त्या आपल्या तालुक्याएवढ्या भरतील, जिल्ह्याएवढ्या नाहीत. कोलंबस आहे बार्थोलोम्यू काउंटीत. गावाच्या नावावरून काउंटीचा अंदाज बांधायला जाऊ नका, इंडियानात तर मुळीच नाही. मेरियन नावाचं शहर ग्रँट काउंटीत आहे आणि मेरियन काउंटी म्हणजे खुद्द इंडियानापोलिस. जास्पर शहर दक्षिणेला ड्यूबॉइस काउंटीत, तर जास्पर काउंटी पार वायव्येला, शिकागोच्या बाजूला. डेकेटर शहर ॲडम्स काउंटीत, आणि डेकेटर काउंटीचं मुख्य गाव ग्रीन्सबर्ग. ऑफर लेटरमध्ये नुसतं ‘मेरियन’ लिहिलं असेल तर एचआरला विचारा, शहर की काउंटी? पगाराच्या तक्त्यात दोन्हींमध्ये बराच फरक पडू शकतो. तो का, ते पुढे येईलच.

पगाराचे आकडे निघतात ते काउंट्यांच्या गटांवरून. हे गट करण्याचं काम व्हाइट हाउसच्या अखत्यारीतलं ऑफिस ऑफ मॅनेजमेंट अँड बजेट करतं. त्यांची पद्धत एकदा कळली की नकाशा आपोआप वाचता येतो. आधी शहरी वस्तीचा गाभा बघतात. तो किमान ५०,००० लोकसंख्येचा असेल तर मेट्रोपॉलिटन (बोलताना नुसतं ‘मेट्रो’, रेल्वे नव्हे) आणि १०,००० ते ५०,००० च्या आतला असेल तर मायक्रोपॉलिटन. गाभा ज्या काउंटीत तिला मध्यवर्ती काउंटी धरतात. मग शेजारच्या काउंट्यांकडे वळतात. तिथल्या नोकरदारांपैकी किमान २५ टक्के कामासाठी मध्यवर्ती काउंटीत जात असतील, किंवा तिथल्या नोकऱ्यांपैकी २५ टक्के मध्यवर्ती काउंटीतल्या लोकांकडे असतील, तर ती शेजारीण त्याच गटात येते. काउंटी कधी अर्धी घेत नाहीत. घेतली तर पूर्ण, शेताशिवारासकट. म्हणजे हे गट बांधले आहेत ते रोजच्या ये-जा करण्यावर. लोक राहतात कुठे आणि कामाला जातात कुठे, एवढंच त्यात पाहिलेलं आहे. राज्याची सीमाही आड येत नाही. लेक आणि पोर्टर या इंडियानाच्या काउंट्या शिकागोच्या मेट्रोत आहेत, आणि त्यांची घड्याळंही शिकागोच्याच वेळेवर, कोलंबसपेक्षा एक तास मागे. ओहायो नदीकाठच्या क्लार्क आणि फ्लॉइड काउंट्या केंटकीतल्या लुइव्हिलच्या मेट्रोत येतात.

आता आपल्या घराभोवती पाहू. एकटी बार्थोलोम्यू काउंटी म्हणजेच ‘कोलंबस, इंडियाना’ ही मेट्रो आहे. उत्तरेला जॉन्सन काउंटी, म्हणजे फ्रँकलिन आणि ग्रीनवुड. ती इंडियानापोलिसच्या मेट्रोत. पश्चिमेला ब्राउन काउंटी, जिथे ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग बघायला आपलं सगळं मराठी मंडळ जातं. ती कोलंबसला अगदी खेटून असली तरी तिचीही गणना इंडियानापोलिसमध्येच. दक्षिणेला जॅक्सन काउंटी, तिथलं सीमोर हे गाव म्हणजे मायक्रोपॉलिटन. अर्ध्या तासाच्या परिघात तीन वेगवेगळ्या नोंदी! सगळ्यात गंमतीचं गाव एडिनबर्ग, आउटलेट मॉलमुळे तुम्हाला पहिल्याच महिन्यात माहीत होईल. हे छोटंसं गाव बार्थोलोम्यू, जॉन्सन आणि शेल्बी अशा तीन काउंट्यांत पसरलेलं आहे. गावाचं नाव तेच, पण घर कोणत्या काउंटीत पडतं त्यावर तुम्ही कोलंबस मेट्रोत की इंडियानापोलिस मेट्रोत हे ठरतं. एडिनबर्गला अपार्टमेंट बघत असाल तर काउंटीच्या प्रॉपर्टी नकाशावर तो पत्ता टाकून बघितल्याशिवाय सही करू नका.

एक गैरसमज इथेच दूर करते. पुणे महानगराचं पीएमआरडीए म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विकास प्राधिकरण येतं, त्याचं ऑफिस, बांधकाम परवाने, विकास आराखडा. इथल्या मेट्रोला यातलं काहीच नाही. तिला महापौर नाही, ती कर घेत नाही, रस्ते बांधत नाही. ती फक्त आकडेवारीची चौकट आहे. कारभार शहर, काउंटी आणि टाउनशिप (काउंटीचा पोटविभाग) यांचा. (इंडियानापोलिस शहर आणि मेरियन काउंटी यांचा कारभार १९७० पासून बराचसा एकत्र चालतो, पण ती वेगळी राजकीय व्यवस्था आहे.) तसंच ‘मेट्रो’ म्हणजे शहर असंही समजू नका. कोलंबसमधून गाडी काढली की दहा-पंधरा मिनिटांत दोन्हीकडे मका आणि सोयाबीनची शेतं लागतात, आणि कागदावर तुम्ही अजून मेट्रोतच असता. हे गट शहरी आणि ग्रामीण असा भेद करण्यासाठी नाहीत, असं ते तयार करणारं ऑफिसही स्पष्ट सांगतं.

कोलंबसची मेट्रो छोटी आहे. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५०,४७४ आणि सगळ्या काउंटीची ८२,२०८. २०२१ मध्ये असा प्रस्ताव आला होता की मेट्रोसाठी गाभ्याची मर्यादा ५०,००० वरून १,००,००० करावी. तो मंजूर झाला असता तर कोलंबस मायक्रोपॉलिटन झालं असतं, देशभरातल्या शंभराहून अधिक लहान मेट्रोंबरोबर. बऱ्याच गावांनी विरोध केला आणि मर्यादा होती तीच राहिली. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण लहान गावांतल्या नोकरदारांसाठी स्वतंत्र आकडे असणं ही मोठी सोय आहे, आणि मायक्रोपॉलिटनला ती मिळत नाही. कामगार खात्याच्या पगार सर्वेक्षणात प्रत्येक मेट्रोचा आपला तक्ता असतो. मायक्रोपॉलिटन काउंट्या मात्र इतर ग्रामीण काउंट्यांबरोबर मोठ्या ‘नॉनमेट्रोपॉलिटन’ विभागात मिसळतात. सीमोरचा म्हणून वेगळा आकडा तुम्हाला तिथे सापडणार नाही.

आता एच-वन-बीवाल्यांनी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांनी, नीट लक्ष द्या. कंपनी तुमच्या व्हिसासाठी जो अर्ज करते त्या पिटिशनच्या पाठीमागे लेबर कंडिशन ॲप्लिकेशन असतं, सगळे म्हणतात ते एलसीए. त्यात कामाची जागा लिहिलेली असते, आणि त्या जागेच्या भागासाठी सरकारने काढलेलं किमान वेतन, म्हणजे प्रिव्हेलिंग वेज. प्रत्येक कामाच्या कोडला चार लेव्हल असतात, आणि दरवर्षी १ जुलैला नवे आकडे लागू होतात. फ्लॅग नावाच्या सरकारी साइटवर राज्य, काउंटी आणि कामाचा कोड निवडला की चारही आकडे समोर येतात. तिथे निवड काउंटीवरून होते, हे लक्षात घ्या. आणि क्षेत्राचा कोड पडताळून पाहा. आपल्या कोलंबसचा १८०२०, ओहायोच्या कोलंबसचा १८१४०. ओहायोचं कोलंबस हे राजधानीचं मोठं शहर, तिथले आकडे घेऊन पगाराची बोलणी केलीत तर सगळंच चुकतं.

२०१५ च्या एप्रिलमध्ये इमिग्रेशनच्या अपील कार्यालयाने सिमियो सोल्युशन्सच्या प्रकरणात निकाल दिला, आणि तेव्हापासून नियम स्वच्छ आहे. कामाची जागा एलसीएमधल्या क्षेत्राबाहेर गेली तर कंपनीने आधी सुधारित पिटिशन दाखल करायचं, मग तुम्ही नव्या जागी काम सुरू करायचं. त्याच मेट्रोत जागा बदलली तर नवं पिटिशन लागत नाही, एलसीएची सूचना नव्या जागी लावली की पुरतं. म्हणजे कार्मेलच्या ऑफिसातून ग्रीनवुडच्या ऑफिसात बदली झाली तर मेट्रो तीच, कारण हॅमिल्टन आणि जॉन्सन या दोन्ही काउंट्या इंडियानापोलिसच्याच. तीच बदली ग्रीनवुडहून कोलंबसला झाली तर अंतर फारसं वेगळं नाही, पण मेट्रो बदलली.

घरून काम करणाऱ्यांचा घोटाळा इथेच होतो. ऑफिस कोलंबसला, नवरा किंवा बायको इंडियानापोलिसला कामाला, म्हणून मधलं ग्रीनवुड सोयीचं. बरीच मराठी कुटुंबं असाच विचार करतात आणि तो चांगलाही आहे. पण आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम असेल तर घर हीसुद्धा कामाची जागा ठरते, आणि ते वेगळ्या मेट्रोत आहे. मेट्रोबाहेरची जागासुद्धा ‘रोज जाण्यायेण्याजोग्या अंतरात’ आहे असं मानता येतं, कायद्यात मैलांची पक्की रेघ नाही. पण ते ठरवायचं कंपनीच्या वकिलाने. तुम्ही, मी किंवा आधी आलेल्या मित्राने नाही. म्हणून लीजवर सही करण्याआधी नवा पत्ता काउंटीसकट एचआरला मेल करा आणि उत्तर लेखी घ्या. ग्रीन कार्डासाठी कामगार खात्याची जी मंजुरी लागते त्या पर्म प्रक्रियेतही वेतन याच भागांवरून ठरतं, तेव्हा हा मेल जपून ठेवा.

जनगणनेनंतर ही यादी नव्याने होते. सध्याची जुलै २०२३ मधली. तेव्हा इंडियानापोलिस मेट्रोच्या नावातून अँडरसन गेलं आणि ग्रीनवुड आलं. कोणी जुना स्क्रीनशॉट पाठवला तर आधी साल बघा. भाड्याचा अंदाज घ्यायला हाउसिंग खात्याचे फेअर मार्केट रेंटचे आकडे चांगले आहेत, तेही बहुतेक याच चौकटीत असतात. शाळेसाठी मात्र मेट्रो काय, काउंटीही पुरत नाही. शाळा स्कूल डिस्ट्रिक्टवर, म्हणजे शाळांच्या वेगळ्या विभागावर ठरते. बार्थोलोम्यू काउंटीतच कोलंबसची मुलं एका डिस्ट्रिक्टमध्ये आणि होप गावची दुसऱ्या.

राहिला कर. राज्याचा आयकर सगळ्यांना सारखा, त्यावर काउंटीचा कर वेगळा, आणि त्याचा दर काउंटीगणिक बदलतो. इथे मेट्रोला काही अर्थ नाही, काउंटीच बघतात, तीही १ जानेवारीची. १ जानेवारीला तुम्ही जॉन्सनमध्ये राहत असाल आणि फेब्रुवारीत बार्थोलोम्यूत आलात, तरी वर्षभर जॉन्सनचाच दर. तुम्ही मेमध्ये किंवा ऑगस्टमध्ये भारतातून आलात आणि १ जानेवारीला इंडियानात राहतही नव्हता, कामही करत नव्हता, तर त्या वर्षी काउंटी कर लागत नाही. पहिल्या आठवड्यात पेरोलवाले डब्ल्यूएच-४ नावाचा फॉर्म देतील. त्यात १ जानेवारीची राहण्याची काउंटी आणि कामाची काउंटी विचारलेली असते. नवीन माणूस घाईत सध्याची काउंटी लिहून मोकळा होतो आणि पगारातून विनाकारण कर कापला जातो. तिथे ‘नॉट ॲप्लिकेबल’ लिहायचं. आणि पुढच्या जानेवारीत आठवणीने पेरोलला नवा फॉर्म भरून द्यायचा, तेव्हाच्या काउंटीचा.