टीटीएल उणे दोन

पहिल्या नोकरीच्या सातव्या महिन्यात आमच्या यूझर मॉडेलला तीन जास्तीच्या गोष्टी हव्या होत्या: भाषा, थीम आणि एसएमएस हवेत की नकोत. टेबल मोठं होतं आणि मायग्रेशन (डेटाबेसमधल्या टेबलाची रचना बदलणं) चालवायची माझी छाती होत नव्हती. सीनियरला विचारलं, तर स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला, "रेडिसमध्ये टाक ना." एका वाक्यात उत्तर देणाऱ्या सीनियरपासून जपून राहा. तो चुकत नसतो, पण उरलेली चार वाक्यं तुम्हाला प्रॉडक्शनवर शिकावी लागतात.

मी टाकलं. (रेडिस म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्या मेमरीत ठेवणारा डेटाबेस. त्या नावाला 'की' म्हणतात.) 'यूझर:४८२:प्रेफ्स' अशा नावाचा हॅश (एका कीखाली अनेक फील्ड आणि त्यांच्या किंमती), एचसेटने लिहायचं, एचगेटने वाचायचं. की सापडली नाही तर कोडमधलं डीफॉल्ट, म्हणजे एसएमएस चालू. (हे डीफॉल्ट लक्षात ठेवा.) संध्याकाळच्या चहाआधी काम संपलं. तीन महिने कुणाची तक्रार नाही.

मग सपोर्टचं एक तिकीट आलं: मेसेज बंद केले होते, परत का येताहेत? मला वाटलं, माणूस विसरला असेल. दुसऱ्या दिवशी नऊ तिकिटं.

कन्सोलवर त्या कीचा टीटीएल, म्हणजे तिची मुदत किती सेकंद उरली ते, विचारला, उत्तर आलं -२. उणे एक आलं असतं तर की आहे, फक्त तिला मुदत नाही. उणे दोन म्हणजे कीच नाही. मुदत मी कधी दिली नव्हती, मग ती गेली कुठे? दोन दिवस मी आमच्या कोडमध्ये 'डेल' ही पुसायची कमांड शोधत बसलो. शेवटी कळलं, पुसणारा खुद्द रेडिसच होता.

आमचा कॅश, म्हणजे तयार पानांच्या तात्पुरत्या प्रती, त्याच रेडिसवर होता आणि त्या रेडिसची मॅक्समेमरी-पॉलिसी, म्हणजे मेमरी भरल्यावर काय करायचं याचा नियम, होती ऑलकीज-एलआरयू. मेमरी भरली की रेडिस काही की नमुन्याला घेतो आणि त्यातली सर्वांत जास्त काळ न वापरलेली काढून टाकतो. मुदत आहे की नाही, बघत नाही. ती की कॅशची आहे की कुणाच्या पसंतीची, हे त्याला कळायला मार्गच नाही. कॅशसाठी हे अगदी बरोबर आहे. हरवलेलं पान डेटाबेसमधून पुन्हा बनतं. माझ्या हॅशची दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्यातून जे लोक बरेच दिवस लॉगिन करत नाहीत त्यांच्याच की आधी गेल्या. म्हणजे आमच्या मेसेजना कंटाळलेले नेमके तेच! एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. इन्फो कमांडमधला 'इव्हिक्टेड_कीज' (काढून टाकलेल्या की) हा आकडा तेवढा वाढत होता, आणि तो कुणी पाहत नव्हतं.

मग माझी आणखी एक हुशारी. रेडिसमध्ये मुळातच ० ते १५ असे सोळा डेटाबेस असतात, म्हणून मी पसंती १ नंबरच्या डेटाबेसमध्ये हलवल्या. उपयोग शून्य. मेमरीची मर्यादा आणि पॉलिसी अख्ख्या इन्स्टन्सला (चालू असलेल्या एका रेडिस सर्व्हरला) लागू असते, डेटाबेसवार नाही. वेगळा इन्स्टन्सच लागतो, आणि त्यावर नोइव्हिक्शन, म्हणजे काहीच न काढणारी पॉलिसी. तेव्हा मेमरी भरली की लिहिताना एरर येतो. येऊ दे, ओरडतो तरी. शिवाय एओएफ (प्रत्येक लिखाण डिस्कवरच्या फाइलीत नोंदवणं) चालू करा, तो मुळात बंद असतो. 'एव्हरीसेक' (दर सेकंदाला डिस्कवर) ठेवलंत तर सर्व्हर कोसळल्यावर साधारण सेकंदाभराचंच लिखाण जातं.

घाबरू नका, बाकीचे खड्डे उथळ आहेत. हॅशमधली प्रत्येक किंमत स्ट्रिंग होऊन परत येते, आणि रूबी भाषेत "फॉल्स" ही स्ट्रिंग खरी धरली जाते. वाचताना रूपांतर करा. यूझर डिलीट झाला की त्याचा हॅश आपणच पुसायचा, तोही आफ्टर_कमिटमध्ये (ट्रान्झॅक्शन पक्कं झाल्यावरच चालणाऱ्या कोडमध्ये), कारण डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन मागे फिरलं तरी रेडिस मागे फिरत नाही. हे सगळं करून देणारी जेम (रूबीची तयार लायब्ररी) मिळते, पण आधी एकदा हाताने लिहा. पॉलिसी काय ठेवायची हे कुठलीच जेम तुमच्यासाठी ठरवत नाही.

आणि खरं सांगू? तीन पसंतींसाठी रेडिस लागतच नव्हता. पोस्टग्रेस या आमच्या मुख्य डेटाबेसमध्ये जेसनबी (एकाच कॉलममध्ये जेसन डेटा ठेवायचा प्रकार) २०१४ पासून, ९.४ आवृत्तीपासून आहे. ज्या मायग्रेशनला मी घाबरलो होतो, ते अखेर आम्ही केलं: एक जेसनबी कॉलम, रिकामा चालेल असा. लॉक मिळून कॉलम तयार व्हायला सेकंदही लागला नाही. पुसल्या गेलेल्या पसंती मात्र परत आल्या नाहीत. त्या लोकांना आम्ही पुन्हा विचारलं, आणि तेही एसएमएस पाठवूनच.